पंख्याच्या खोलीतली सफरचंदं

४१ / ४१

डावा आकडा साध्या तंबाखूच्या पानाचा, उजवा मारितच्या तंबाखूचा. पान चिमट्यात धरायचं, चिमटा टिक् करतो आणि छोट्या पडद्यावर हरितद्रव्याचा आकडा उमटतो. चाळीसच्या आसपास पान तरुण. पाचच्या खाली पान सगळं आवरून निघून गेलेलं.

आज दोन्ही सारखे. पहिल्या दिवशी ते सारखेच असतात. अकरा वर्षांपूर्वीही होते. तेव्हा मात्र ते शेवटपर्यंत सारखेच राहिले, आणि त्या सारखेपणाच्या जोरावर मी एका मुलीला या इमारतीतून घालवलं.

सिक्स्टेन दाराला टेकून बघत होता. आमच्याकडे दिव्यांच्या चार खोल्या आहेत. रोपं तिथं उन्हाऐवजी नळ्यांच्या उजेडात वाढतात. त्या खोल्या तीस वर्षं त्यानंच सांभाळल्या.

"गुनेल, निवृत्त होताना लोक कपाटं आवरतात," तो म्हणाला. "तू तंबाखू लावतेस."

"पेन्शनीत ओढायला."

"मग चार नंबरच्या खोलीतली मला ठेव. ती जरा कडक निघेल."

कोणीच हसलं नाही. चार नंबर का, ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.


३९ / ४१

प्रिय मारित, बरीच वर्षं झाली, तू कशी

(खोडलं.)


३३ / ३९

पान मरतं असं लोक म्हणतात. पान मरत नाही, रिकामं होतं. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हे एकच वाक्य शिकवलं. एन्झाइमं आत कामाला लागतात. एक जण हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा कण काढतो, दुसरा शेपटी छाटतो, तिसरा कडं फोडतो. हिरवा रंग जातो. मागे राहिलेला पिवळा आधीपासूनच तिथं असतो. दरम्यान सगळं नत्र देठातून खोडाकडे रवाना झालेलं असतं. घर बदलताना भांडी बांधावीत, तसं.

बांधाबांध कधी सुरू करायची ते वायू ठरवतात. एथिलीन म्हणतं, आवरा. पिकलेलं फळ ते सोडतं, जखमी पान सोडतं, म्हातारं पानही सोडतं, आणि शेजारच्याला घाई करतं. याच्या उलट काम करणारा वायू माझ्या विद्यार्थिनीनं, मारितनं, धरला होता. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा, गटाराचा वायू. पानात तो इतका किंचित असतो की कुठल्याच नाकाला कळणार नाही. एक एन्झाइम गंधकवाल्या एका अमिनो आम्लाचे तुकडे करतं आणि हा वायू सुटतो. मारितनं त्या एन्झाइमचं प्रमाण वाढवलेली तंबाखू तयार केली, आणि त्या वसंतात तिची पानं सोबतच्या साध्या पानांपेक्षा अकरा दिवस जास्त हिरवी राहिली.

अकरा दिवस! ती आकडे घेऊन माझ्या खोलीत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. ती वरच्या भागातली, देशाच्या उत्तरेकडची. तिकडचे लोक 'हो' म्हणत नाहीत, नुसता श्वास आत ओढतात. मी विचारलं, "तुझी खात्री आहे?" तिनं श्वास आत ओढला.

"सप्टेंबरमध्ये पुन्हा कर," मी म्हणाले. "चार नंबरच्या खोलीत. मोजायला मी असेन."

यात माझं काही चुकलं नव्हतं. कोणीही हेच सांगितलं असतं.


२४ / ३८

ऑगस्टमध्ये टोर्केल तळघर आवरत होता. माझा नवरा चाळीस वर्षं बस चालवून घरी बसला, आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू वेळापत्रकाप्रमाणे हलवतो. नव्या रसाला जागा हवी म्हणून त्यानं मागच्या रांगेतल्या जुन्या बाटल्या बाहेर काढल्या.

"ही बघ," तो जिन्यावरून ओरडला. "व्हिनेगर झालं असेल!"

बाटलीवर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती. ग्रावेनस्टाइनर, २८ सप्टेंबर २०१३. ही आमच्या बागेतल्या सफरचंदांची जात.

"हे साल आठवतं मला," तो म्हणाला. "वादळ येणार म्हणून रविवारीच सगळी तोडली, आणि रसवाल्याकडे नंबर लागला शनिवारचा. इथं बॉयलरची ऊब, सडली असती. मग तुझ्या ऑफिसात नेली ना आपण! त्या पंख्याच्या खोलीत. सहा पेट्या."

मी चिठ्ठीवरची तारीख पुन्हा वाचली.

"तुमचा सिक्स्टेन म्हणाला होता, अख्खी इमारत केकच्या दुकानासारखी दरवळतेय. काय गं? पडलीस का काय?"

मी जिन्यावर बसले होते. पडले नव्हते.

इमारतीत हवा खेळवणाऱ्या पंख्याची ती खोली वर्षभर बारा अंशांवर असते म्हणून मला सुचली होती. त्याच उन्हाळ्यात चार नंबरच्या हवेच्या पाइपात कबुतरांनी घरटं केलं होतं, आणि सिक्स्टेननं पाइपाचं तोंड छपरावरून काढून तात्पुरतं पंख्याच्या खोलीत सोडलं होतं. तसा कागद माझ्यापुढे आला होता. त्यावर सही माझी आहे. दिव्यांच्या खोल्यांच्या दारावरची पाटीही माझीच. *फळं आत आणू नयेत. केळंसुद्धा नाही.* एकदा मी बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या पाहुण्याला अर्ध्या केळ्यासकट पावसात उभं केलं होतं. सिक्स्टेन ती गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

आणि सहा दिवस, सहा पेट्या, चार नंबरची रोपं माझ्या बागेतलं एथिलीन श्वासात घेत होती. आवरा, आवरा, आवरा. त्या गोंगाटात मारितच्या किंचितशा वायूचं कोण ऐकणार?

मी लगेच गाडी काढून सिक्स्टेनच्या घरी गेले. तो बोट रंगवत होता.

"तुला वास आला होता?"

"कसला?" मग त्याला आठवलं. ब्रश डब्यावर आडवा ठेवून तो म्हणाला, "आला होता ना."

"मग मला का नाही बोललास?"

"तुला?" तो खरंच गोंधळला. "एथिलीनबद्दल मी तुला सांगू? मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तूच ठेवलीस, म्हणजे काहीतरी विचार करून ठेवली असशील."

मला वास आला होता की नाही, ते आजही सांगता येत नाही. आला असेल. पण तो आमच्या घरचा वास होता. सप्टेंबरभर माझे कपडेही तसेच दरवळायचे.

दुसऱ्या दिवशी मी शीतपेटीतून मारितचं बी काढलं. पाकिटावर तिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. बी रुजलं.


प्रिय मारित, त्या वेळी आमच्याकडून एक तांत्रिक चूक

(आमच्याकडून? खोडलं.)


११ / ३६

आता हा भाग. तो मी शेवटी ठेवला, कारण शेवटी ठेवता आला.

ऑक्टोबर २०१३, मंगळवार, साडेनऊची कॉफी. गटातले आम्ही आठ जण, मध्ये दालचिनीच्या पावांचं ताट. खिडकीत कुणीतरी टोपलीभर सफरचंदं ठेवली होती. त्या दिवसांत सगळेच बागेतली आणतात, 'घ्या हवी तेवढी' अशी चिठ्ठी लावून. टोपली चालते, कॉफीची खोली दुसऱ्या टोकाला आहे. तो नियमसुद्धा मीच केला होता.

मारितनं आलेख दाखवला. दोन्ही रेषा एकमेकींवरून उतरत गेलेल्या. साधं पान आणि तिचं पान, दोन्ही एकाच वेळी पिवळी.

"म्हणजे वसंतातला निकाल उभा राहत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे..." ती म्हणाली. "मला वाटतं, हवा एकदा तपासायला हवी होती. चार नंबरची."

"हवा?"

"गॅसच्या यंत्रावर. एकच दिवस लागेल."

त्याच महिन्यात एका परदेशी गटाचा नेमका उलटा निकाल छापून आला होता. तीन आठवड्यांनी निधीचा अर्ज जायचा होता. आणि चार नंबरची हवा! माझ्या इमारतीतली हवा! मला ते नाचता येईना अंगण वाकडं असं वाटलं. खरं तर मला ते अपमानास्पद वाटलं.

"मारित," मी म्हणाले, "वसंतातले आकडे इतके देखणे होते की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. माणूस पानं निवडतो. मुद्दाम नाही, नकळत. हिरवं दिसतं ते आधी चिमट्यात धरतो. तुझं तसंच झालं असेल."

बाकीचे सहा जण आपापल्या कपात बघत राहिले. आमच्याकडे असं काही झालं की लोक कपात बघतात. सिक्स्टेननं एक पाव उचलला आणि परत ठेवला.

मारितनं श्वास आत ओढला. मी त्याला होकार समजले. आरोप मान्य, असं. मला तेच समजायचं होतं.

तिनं डॉक्टरेटच्या निम्म्यावर मिळणारी अर्धी पदवी घेऊन काम थांबवलं. डिसेंबरात किल्ली परत केली. निरोपाच्या कॉफीला मी नव्हते, बैठकीला दुसऱ्या गावी गेले होते. बैठक पुढे ढकलता आली असती.


प्रिय मारित,
सफरचंदं माझी होती.

(हे खोडलं नाही. पाठवलंही नाही. अशी गोष्ट पाकिटात घालून पाठवायची नसते, एवढं मला या वयात कळतं.)


(आकडा नाही)

मारित कुठे आहे हे शोधायला दहा मिनिटं लागली. अकरा वर्षांत ती दहा मिनिटं मला मिळाली नव्हती. पूर्व किनाऱ्यावर बागायतदारांच्या एका सहकारी गोदामात ती साठवणीची प्रमुख आहे. सफरचंदांच्या.

नोव्हेंबरचा वारा गाडीला रस्त्यावरून ढकलत होता. गोदामाच्या मोठ्या दारांवर पिवळ्या पाट्या होत्या: *आत प्राणवायू नाही. एकट्यानं जाऊ नये.* आत हजारो पेट्या अंधारात, थंडीत, जेमतेम श्वास घेत झोपलेल्या. मारित बाहेर आली तेव्हा कमरेला गॅस मोजणारं यंत्र होतं. केस पांढरे होऊ लागले होते. मी तिला अजून मुलगीच धरून चालले होते.

"गुनेल," ती म्हणाली. आश्चर्य नव्हतं त्यात. "कॉफी घेशील? आमची वाईट असते."

आम्ही तिच्या कचेरीत बसलो. मी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला. तिनं एका नजरेत वाचला. डावी रांग, उजवी रांग.

"छत्तीस," ती म्हणाली.

"छत्तीस. अजून उतरतोय, पण हळू. तुझं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे."

"तेव्हा चार नंबरमध्ये काय झालं ते आता कळलंय. पंख्याच्या खोलीत..."

"सहा पेट्या," मारित म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

"ग्रावेनस्टाइनर. पेट्यांवर टोर्केलचं नाव, जाड काळ्या पेननं. पाणी घालायची झारी आणायला गेले होते मी तिथं. दार उघडलं आणि वास अंगावर आला." ती कप फिरवत राहिली. "बुधवारी बघितल्या. गुरुवारपासून वाट बघितली."

"कसली?"

"तू सांगशील याची. मला वाटलं, तिच्या लक्षात आलंय, ती शरमलीय, दोन दिवसांत स्वतःच म्हणेल की खोली वाया गेली, पुन्हा करू. मग शुक्रवार गेला. शनिवारी पेट्या गेल्या. मग मंगळवारची कॉफी."

"तू हवा तपासू म्हणालीस."

"आणखी काय म्हणणार होते? सगळ्यांसमोर म्हणू, की गुनेल, तुझी सफरचंदं?" ती पहिल्यांदा हसली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. "जेवढं मोठ्यानं बोलता येत होतं तेवढं बोलले मी. तू ऐकलंस, आणि म्हणालीस, मी पानं निवडते."

"मारित, मला माहीत नव्हतं."

बाहेर कुठेतरी मालाची गाडी मागे घेताना पीं पीं करत होती.

"काय माहीत नव्हतं?"

"सफरचंदं आणि चार नंबर. ते दोन माझ्या डोक्यात एकत्र आलेच नाहीत. ऑगस्टपर्यंत. टोर्केलनं बाटली काढेपर्यंत."

"तू," ती सावकाश म्हणाली, "एथिलीनवर पुस्तक लिहिलेली तू."

"हो."

"केळ्यासकट माणसाला पावसात उभं करणारी."

"हो."

तिनं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "मी अकरा वर्षं एका धूर्त बाईचा राग केला, गुनेल. निगुतीनं केला. मला वाटायचं, तिनं तराजूत एका बाजूला अर्ज ठेवला, दुसऱ्या बाजूला मला, आणि ठरवलं. वाईट होतं, पण ठरवलेलं होतं. आता तू येऊन सांगतेस की कोणी काही ठरवलंच नव्हतं. नुसता रसाचा नंबर शनिवारचा होता."

मी माफी मागितली. त्यासाठीच आले होते. वाटेत तीनदा म्हणून पाहिलेली वाक्यं होती, ती म्हटली. खोलीत ती लहान वाटली. मारितनं ऐकून घेतली, गोदामात माल उतरवून घेतात तशी, संख्या बरोबर आहे ना एवढं बघत.

"मी लेख लिहितेय," मी म्हणाले. "निवृत्त व्हायच्या आत पाठवायचाय. तुझं नाव पहिलं. नंतर माझं नाव नसलं तरी चालेल."

"काय लिहिणार?"

"की पानं हिरवी राहिली."

"आणि २०१३?"

"की तो प्रयोग दूषित झाला होता."

"कशानं? तू पेट्या ठेवून बघितल्यास?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे!" ती पुढे झुकली, आणि क्षणभर लाल कानांची ती मुलगी टेबलापलीकडे बसली. "स्वच्छ हवेत पानं हिरवी राहिली, इतकंच तू दाखवलंस. सफरचंदांनीच घोळ केला हे कुठे दाखवलंस? तुझ्या मनाला पटलं म्हणून? अर्धाच प्रयोग केलायस. हे मला तूच शिकवलंस."

"रोपं आहेत," मी म्हणाले. "काचघरात बारा जास्तीची आहेत. पण आता ग्रावेनस्टाइनर..."

"ती ख्रिसमसपर्यंत कुठे टिकतात? दुसरी देते." ती उठली. "झोपेतून उठवली की ही पण भरपूर सोडतील. टोर्केलची गाडी आणलीस की तुझी ती डबडी?"

"डबडी."

"मागची सीट पाड मग."

तिनं आणि एका कामगारानं मिळून पेट्या गाडीत चढवल्या. सहा. मी मोजल्या नाहीत, ती मोठ्यानं मोजत होती. शेवटी तिनं डिकी आपटून बंद केली.

"मला माफ केलंस का, असं विचारू नकोस," ती म्हणाली. "आज तरी नको."

"नाही विचारत."

"आकडे पाठव. रोजचे. दोन्ही रांगा, न निवडता."

"आणि नाव? पहिलं तुझं?"

तिनं श्वास आत ओढला. तो होकार होता की नुसता गार वारा, ते मी यावेळी ठरवलं नाही. विचारलं.

"हो म्हणाले मी," मारित म्हणाली. "तुम्हां दक्षिणेतल्यांना सगळं तोंडानं सांगावं लागतं."


४१ / ४१

सिक्स्टेननं शिडी लावून चार नंबरच्या पाइपाचं तोंड छपरावरून परत पंख्याच्या खोलीत आणलं.

"लेखी दे," तो म्हणाला. "सहीसकट. या वेळी काय लिहिलंय ते वाचून सही कर."

मी वाचून सही केली. पेट्या त्याच भिंतीशी ठेवल्या. दार लावताना वास आला. आला, हे मी वहीत वेळेसह लिहिलं.


३४ / ३४

*पद्धती.* रोपे चार क्रमांकाच्या खोलीत ठेवली. खोलीची हवा लगतच्या खोलीतून घेतली, जिथे पिकलेली सफरचंदे (सहा पेट्या) ठेवली होती. २०१३ साली हीच मांडणी अनवधानाने झाली होती. सफरचंदे दुसऱ्या लेखिकेच्या बागेतील होती. हवा तपासण्याची सूचना पहिल्या लेखिकेने त्याच वेळी केली होती. ती दुसऱ्या लेखिकेने नाकारली.

संपादक शेवटची तीन वाक्यं काढायला सांगतील. काढणार नाही असं मी मारितला कळवलं. तिचं उत्तर आलं: *आकडे?*


१९ / १९

पाठवले.

सोमवारी माझ्या निरोपाची कॉफी आहे. भाषणात कोणीतरी केळ्याची गोष्ट सांगणारच. सगळे हसतील, मग मला उभं राहावं लागेल, आणि मी पुढची गोष्ट सांगेन. ती ऐकताना लोक कपात बघतील.

दिव्यांच्या खोलीत आता डावं पान आणि उजवं पान वेगळं ओळखता येत नाही. दोन्ही शिरांच्या कडेनं पिवळी पडत चाललीत, एकदम, शिस्तीत. उजव्याच्या आत ते जास्तीचं एन्झाइम अजूनही कामाला लागलेलं असणार, आपला किंचितसा वायू सोडत, थांबा म्हणत. मी चिमटा पानाला लावला, आणि टिक् व्हायच्या आधी बराच वेळ तसाच धरून ठेवला.


७ / ७